कापसाच्या खोलीतला समुद्र

खुनी कोण, हे विमलताईंना पहिल्या प्रकरणातच कळतं. निदान त्या तसं सगळ्या गावाला सांगून बसल्या होत्या. दारव्ह्याच्या वाचनालयातून त्या एकाच तऱ्हेची पुस्तकं आणत: समुद्रकाठचं टुमदार गाव, माडाची बाग आणि त्या बागेत कुणालाच न आवडणाऱ्या माणसाचं प्रेत. मग एक निवृत्त नर्सबाई अंगणात आमसुलं वाळत घालता घालता खुनी शोधून काढते.

विमलताईंनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता. म्हणूनच तर तिथले खून त्यांना इतके आवडत. त्या गावात प्रेत पडलं तरी अंगण झाडलेलं असतं, रक्ताचा डाग सतरंजीला लागत नाही आणि शेवटच्या पानावर न्याय हमखास मिळतो. इथे यजमानांच्या, म्हणजे बबनरावांच्या, बांधाच्या भांडणाची कोर्टात साधी तारीख लागत नव्हती.

शेजारच्या हंसाबाईंनाही हेच वेड. पुस्तक आधी विमलताईंनी वाचायचं, मग हंसाबाईंनी, आणि दुपारच्या चहाला दोघींनी मिळून खुन्याला नावं ठेवायची, असं ठरलेलं. लेकी सासरी गेल्यापासून विमलताईंचा दिवस त्या चहासाठीच उगवत असे.

या खेपेला त्या शेवटच्या प्रकरणापर्यंत आल्या होत्या. खुनी होडीवाला, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. वाचायची जागा म्हणजे कापसाची खोली. भाव वाढेल या आशेने बबनरावांनी दिवाळीपासून कापूस घरातच भरून ठेवला होता. त्या ढिगावर अंग टाकलं की ताईंना आपण किनाऱ्यावरच्या वाळूत लोळतोय असं वाटे. वाळू टोचते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तिथेच त्यांचा डोळा लागला, पुस्तक हातातून सुटलं आणि वरण करपल्याचा वास आला तशा त्या धडपडत स्वयंपाकघरात पळाल्या. पातेलं घासता घासता पुस्तकाचा विसर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाव चढल्याचा फोन आला. बबनरावांनी माणसं लावून कापूस टेम्पोत तुडवून भरला आणि ते दारव्ह्याला गेले. घर निवांत झालं तशी ताईंना पुस्तकाची आठवण झाली. घर पालथं घातलं तरी ते सापडेना.

"आई, कुठं ठेवलं होतं तुमी?" सून संगीताने विचारलं.

"ठेवलं नाही, गेलं. अन् कोणं नेलं तेबी मले मालूम हाय."

कारण परवाच हंसाबाई म्हणाल्या होत्या, "लवकर वाच व. नाही तं मीच येऊन शेवटचं पान पाहून घेतो." हेतू मिळाला. नर्सबाई नेहमी म्हणत, हेतू मिळाला की निम्मं काम झालं. राहिला पुरावा. पुस्तकात चपलेला चिकटलेली वाळू गुन्हेगाराला पकडून देते. इथे सगळ्यांच्याच चपलांना काळी माती, त्यामुळे तो मार्ग बंद होता.

नर्सबाई शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवते. ताईंनी हंसाबाईंना आणि संगीताला ओसरीवर जमवलं, चहा दिला आणि पाठीमागे हात बांधून फेऱ्या सुरू केल्या.

"बस ना व. कायले फिरून राह्यली?" हंसाबाई म्हणाल्या.

"तुह्या पदराले कापूस लागला हाय. आमच्या कापसाच्या खोलीत कायले गेलती?"

हंसाबाईंनी पदराकडे पाहिलं. "काल दिवसभर वावरात येचत होती मी."

"आई, कापूस तुमच्या केसातबी हाय," संगीता हळूच म्हणाली.

पण ताई आता थांबण्यापलीकडे गेल्या होत्या. "पुस्तक काहून नेलं, तेवढं सांग."

हंसाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "इतक्या वर्सात तुह्या घरून वाटीभर साखर नेली, तं शीग लावून परत देल्ली. अन् आता चोट्टी झाली मी?" त्या उठल्या आणि चहा तसाच टाकून निघून गेल्या. पुस्तकात या जागी गुन्हेगार रडत रडत कबुली देतो. इथे रडू ताईंनाच यायला लागलं.

संध्याकाळी बबनराव आले ते तणतणत. "अवं, माही पार इज्जत गेली आज. खरेदीवाल्या घनश्यामसेठनं कापसात हात घातला अन् हे पुस्तक बाहेर आलं. चार लोकाईत म्हणते, बबनराव, वजन वाढवायले लोक गोटे टाकते, तुमी पुस्तकं टाकून राह्यले."

ताईंनी पुस्तक झडप घालून घेतलं. "शेवटचं पान हाय ना?"

"हाय. माप होईपर्यंत सेठच वाचत बसला होता. म्हणे वहिनीले सांगजा, खून कंपाउंडरनं केला."

होडीवाला निर्दोष होता आणि हंसाबाईही.

दुसऱ्या दुपारी त्या पुस्तक घेऊन हंसाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "चुकलं माह्यं. कापसातच होतं. आता तू आधी वाच."

हंसाबाईंनी पुस्तक घेऊन त्याला चिकटलेला कापूस झटकला. मग त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि शिक्षा सुनावली: पुस्तक त्या मोठ्याने वाचणार, आणि विमलताईंनी पहिल्या पानापासून मुकाट्याने ऐकायचं.

हंसाबाई ओळीवर बोट ठेवून वाचत. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी कंपाउंडर हसतमुखाने औषधाची बाटली घेऊन आला.

"किती गरीब माणूस व," हंसाबाई म्हणाल्या. ताईंनी ओठ घट्ट मिटले.

"आता काहून बोलत नाही? तुले तं पह्यल्या प्रकरणातच खुनी समजते म्हणे."

"या बारीले नाही समजला," विमलताई म्हणाल्या आणि बशीतला चहा ओढला. त्यात खोटं काहीच नव्हतं.