शिरड शहापूरचं क्रोमाईट

"देशाच्या पोलाद उद्योगाचं भवितव्य आता शिरड शहापुरात ठरणार," असं व्यंकटरावांनी जाहीर केलं.

"ठरू द्या," त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या. "पर आधी माझी परात मोकळी करा. कणीक मळायची हाय."

परातीत काळी रेती होती. माळावरच्या जड काळ्या दगडात क्रोमाईट, म्हणजे स्टीलमध्ये घालतात त्या क्रोमियमचं खनिज, आहे, हे व्यंकटरावांनी मोबाईलवर पाहून ठरवलं होतं. एक दगड फोडून, मिक्सरमधून काढून त्यांनी नमुना नागपूरच्या प्रेमानंद नावाच्या व्यापाऱ्याला पाठवला. उत्तर आलं: क्रोमियम आहे, पण नावापुरतं. हलकी माती काढा, जड माल वाढवा, मग येऊन पाहतो.

व्यंकटरावांनी ही बातमी वारंगा फाट्यापर्यंत पोचवली. आता माघार घेतली तर फाट्यावर चहा प्यायला तोंड उरणार नव्हतं.

मिक्सर दिवसभर ओरडू लागला. चुरा परातीत घोळायचा, गढूळ पाणी सोडायचं, तळाला बसलेलं जपून ठेवायचं. जितकं जास्त दळावं तितकं क्रोमियम वाढे. नवा नमुना पाठवला की प्रेमानंदचा आवाज आणखी गोड होई. आशाबाईंच्या मिक्सरचं भांडं निकामी झालं, तेव्हा शेजारच्या पद्माबाईंचं मागून आणलं.

"भावजी, काय करून ठेवलं हे?" परत मिळालेलं भांडं घेऊन पद्माबाई दोनच दिवसांत दारात आल्या. "शेंगदाणे नुसते गोल फिरून राहिले."

"वहिनी, देशासाठी थोडी तकलीफ..."

"मंग देशालाच सांगा चटणी वाटायला."

शेवटी प्रेमानंद आला. हातात धातू ओळखणारं, बंदुकीसारखं यंत्र. ते त्यानं तयार मालावर धरलं. "क्रोमियम भरपूर आहे. निकेलपण आहे."

"निकेल फुकट घ्या," व्यंकटराव उदारपणे म्हणाले.

प्रेमानंद हसला नाही. त्यानं यंत्र अख्ख्या दगडावर धरलं. काहीच नाही. मग ओट्यावरच्या मिक्सरच्या भांड्यावर धरलं, आणि यंत्र खुशीत वाजलं.

"काका, हा सगळा माल स्टीलच्या पात्याचा आहे. दगडानं तुम्ही ते झिजवलं आणि धुऊन वेगळं केलं. धुलाई मात्र चोख. आमच्याकडं एवढी होत नाही."

व्यंकटरावांनी भांड्यात डोकावलं. पात्याच्या जागी नुसता खुंट होता.

"म्हंजे खाण..."

"स्वयंपाकघरात," प्रेमानंद म्हणाला आणि गाडीत बसला.

आशाबाईंनी माळ्यावरून खलबत्ता काढला, पुसला, व्यंकटरावांपुढं ठेवला आणि शेजारी शेंगदाण्यांची वाटी.

"पद्माबाईंचे हायत," त्या म्हणाल्या. "जरा बारीक करून द्या. तुमाला आता सवय हाय."