घड्याळजींनी वेळ लावली

"अगं, आयुष्यभर मनगटी घड्याळं उघडून पुन्हा जोडली मी! हे तर नुसतं सॉफ्टवेअर. फाइल उघडायची, 'पुढे, पुढे' म्हणायचं, झालं!"

घड्याळजींनी छाती फुगवली तशी माईंनी जवळची कपबशी लांब सरकवली. एवढ्या वर्षांच्या संसारात ही छाती फुगली की काहीतरी फुटतंच!

माईंच्या जुन्या कॉम्प्युटरनं कायमचे डोळे मिटले होते. लेक रांगत होती तेव्हा तिच्या स्वेटरचा नमुना माईंनी त्यातल्या विणकामाच्या प्रोग्रामवर काढला होता. आता लेकीला सातवा महिना, आणि तिला बाळासाठी अगदी तस्साच स्वेटर हवा होता. दुरुस्तीवाल्यानं तो अख्खा कॉम्प्युटर एका फाइलीत उतरवून दिला. लेकीच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवलं, की त्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर जागा होणार!

आणि खरंच झाला! एका चौकटीत तोच जुना निळा पडदा उजळला. माहेरची खिडकी उघडावी तसं माईंना झालं.

"पण हे घड्याळ बघ! पाव शतक मागे!" चुकलेलं घड्याळ म्हणजे घड्याळजींना रडणारं तान्हं मूल.

"अहो, राहू द्या! दुरुस्तीवाल्यानं बजावलंय, वेळेला हात लावू नका."

"तो कॉम्प्युटरचा दुरुस्तीवाला. घड्याळाचा मी!"

वेळ सेकंदासकट बरोबर लागली. माईंनी प्रोग्राम उघडला, तर समोर पाटी: 'वापरण्याची मुदत संपली आहे.' बिचारा जुन्या तारखेच्या आधारानं तग धरून होता! घड्याळजींनी घाईघाईनं तारीख मागे नेली. पण व्याही रुसावा तसा प्रोग्राम रुसला तो रुसलाच.

"आता पोरीला काय सांगू हो?" माईंनी काढून ठेवलेली लोकर पुन्हा पिशवीत कोंबली.

तेवढ्यात लेक पोट सावरत दारात आली. "बाबा, वेळ लावलीत ना?"

"चुकीची होती गं..."

"तुमच्या हातांची खोड मला ठाऊक नाही होय? दुरुस्तीवाल्याला आधीच सगळ्याची एक प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, काढून ठेवायला सांगितली होती. बटण दाबलं, की सगळं होतं तसं!"

तिनं बटण दाबलं. नमुना उघडला. माईंनी टाके मोजले, पुन्हा मोजले, आणि कानकोंड्या झाल्या. "अगं बाई! डावी बाही चांगली चार बोटं लांब आहे!"

"म्हणून प्रत्येक फोटोत माझी एकच बाही दुमडलेली?" लेक हसता हसता डोळे पुसू लागली. "तशीच विण, माई. बाळाचीही दुमडू."

माईंनी सुया हातात घेतल्या. घड्याळजी हळूच म्हणाले, "आणि डावा हात आखूड म्हणून आपण पोरीला डॉक्टरकडे नेलं होतं!"