तात्यारावांनी पाहिलेला मुलगा

जिंतूरच्या एसटी स्टँडमागे नागनाथचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आणि नागनाथचं लग्न जमत नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्याच्या आईला, चांगुणाबाईंना, पक्कं ठाऊक होतं. म्हणून बोरीच्या तात्यारावांची मुलगी रुख्मिणी सांगून आली, तेव्हा मध्यस्थ बन्सीधरला त्यांनी बजावलं, "पोराचं टीव्हीचं दुकान हाय म्हना."

दुकानात टीव्ही होतेच, चांगले दोन होते. त्यामुळे बाई खोटं बोलल्या असं म्हणता येणार नाही. बन्सीधरने मात्र बोरीला पोचेपर्यंत त्यात टीव्हीची विक्री, दुरुस्ती आणि परभणीला निघणारं दुसरं दुकान घातलं. तात्यारावांचा निरोप आला: बाजाराच्या दिवशी येतो, आधी दुकान बघू, मग घर.

नागनाथला वेगळंच दुःख होतं. औरंगाबादहून त्याने मोठ्या हौसेने एक नवी कॅसेट आणली होती. तिच्यात लाल टोपीवाला एक बुटका तलवार घेऊन हिंडे. जंगल, नदी, डोंगर, गुहा, खेडी, कुठेही जा, अडवणारं कोणी नाही. पण गिऱ्हाइकांनी, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी, तिची पार चिरफाड केली.

"ह्याच्यात स्टेजच न्हाई," एक म्हणाला.

"लय चालावं लागतंय," दुसरा म्हणाला. "चालायचंच आसल तर मी मामाकडं झरीला पायी जाईन की."

"दुश्मन बी आपुनच हुडकत जायाचं! त्येंला काही कामधंदा न्हाई का?"

कॅसेट फळीवर जाऊन पडली.

बाजाराच्या दिवशी नागनाथने पोरांना पिटाळलं. टेबलावर पेचकस ठेवला, शेजारी घरचा चांगला चालणारा रेडिओ खोलून ठेवला आणि टीव्हीवर दूरदर्शन लावलं. बन्सीधर पाहुण्यांना घेऊन आला. तात्याराव पुढे, त्यांची बहीण सरजाबाई मागे. ते उंबऱ्यात आले आणि टीव्हीवर मुंग्या आल्या. नागनाथने अँटेना हलवली, टीव्हीला दोन चापट्या मारल्या. मुंग्या हलेनात.

"टीव्हीच्या दुकानात टीव्हीच दिसंना व्हय?" तात्यारावांनी विचारलं.

काहीतरी दाखवणं भाग होतं. मारामारीच्या कॅसेटमध्ये माणसं एकमेकांच्या छाताडावर लाथा घालत. गाड्यांच्या कॅसेटमध्ये गाडी दर वळणाला उलटे, आणि सोयरीक बोलायच्या दिवशी ते बरं दिसलं नसतं. नागनाथने फळीवरची कॅसेट घातली. पडद्यावर हिरवं रान, निळी नदी आणि एक झोपडी आली.

"रान बरं हाय," तात्याराव खुर्चीवर टेकत म्हणाले. "पानी बी हाय. ह्यो टोपीवाला कोन? कुटं चाललाय?"

"कुटंबी जातो जी. जिकडं नेलं तिकडं."

"मंजे ह्याला तुमी चालवायलाव?"

"व्हय जी," नागनाथ अभिमानाने म्हणाला, आणि तिथेच फसला. कारण त्या क्षणापासून टोपीवाला जे करी ते नागनाथने केलं असा हिशेब सुरू झाला. या खेळात घरात शिरायचं आणि मडकी फोडायची, की आतून नाणी निघतात. नागनाथच्या बोटांना ती सवयच झाली होती. टोपीवाला झोपडीत शिरला. आत एक म्हातारी बसली होती. तिच्यादेखत त्याने खळाखळा मडकी फोडली.

"आगं बाई!" सरजाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "म्हातारीची भांडी फोडली की वो ह्यानं!"

"पायतानासगट घरात शिरला," तात्याराव म्हणाले. "आन् पैसे बी उचलले."

"तात्या, ते खेळातलं हाय," बन्सीधर घाईने मध्ये पडला.

"खेळातलं का आसंना. हात कुनाचा व्हता?"

नागनाथने घाईने टोपीवाल्याला बाहेर काढलं, पण घाबरलेल्या बोटाने तलवारीचं बटण दाबूनच धरलं आणि टोपीवाला सपासप कापत शेतात घुसला.

"उभं पीक कापायलाय!" तात्याराव ओरडले. "आरं बांधावरनं जा की!"

नागनाथने त्याला बांधावर घेतलं. आता काही झालं तरी कोणाच्या केसालाही धक्का लावायचा नाही, असं त्याने ठरवलं. वाटेत कोंबड्या आल्या, त्याने वळसा घातला. मग एक भलामोठा साप आला. नागनाथने हत्यार उचललंच नाही. साप डसला आणि टोपीवाला भुईवर आडवा झाला.

तात्याराव ताडकन उठले. "आरं, साप हाय त्यो! त्याला मारायचं, म्हातारीचं नुसकान करायचं न्हाई! एवढं बी कळंना व्हय? आना इकडं!" आणि त्यांनी नागनाथच्या हातातला खेळाचा रिमोट हिसकावून घेतला.

त्या दिवशी घर बघणं झालंच नाही. चांगुणाबाईंनी केलेले पोहे गार झाले, आणि शेवटची एसटी सुटायच्या वेळी बन्सीधरने तात्यारावांना हाताला धरून उठवलं. "फुडच्या बाजारी येतो," ते नागनाथकडे पाठ करूनच म्हणाले. "आजून लय बघायचं ऱ्हायलंय."

पुढच्या बाजारी ते आले. त्याच्या पुढच्याही बाजारी आले. टीव्हीच्या विक्रीचं आणि परभणीच्या दुकानाचं त्यांनी नावही काढलं नाही. टोपीवाला त्यांच्या हाताखाली कसा सुधारला! मडकी फोडीना, बांध सोडीना, कोंबडीला दुखवीना. नदीचा उगम कुठे ते बघायला तात्यारावांनी त्याला अख्खा दिवस काठाकाठाने चालवलं. "खेळ आसावा तर आसा," ते म्हणत. "मानसानं जरा हिंडावं, चार गावं बघावीत. त्या मारामारीत काय हाय?" ज्या पोरांनी कॅसेटला नावं ठेवली होती, तीच त्यांच्या खुर्चीमागे दाटीवाटीने उभी राहून बघू लागली.

होकाराचं मात्र नाव नाही. बन्सीधरने विचारलं की ते म्हणत, "घाई कामून करायलाव? बघू तर द्या."

खरं कारण सरजाबाईंनी चांगुणाबाईंना चुलीपाशी सांगितलं. "आमच्यात लेकीला लेकरू हुईस्तोर बाप तिच्या घरचं पानी बी पीत न्हाई. एकदा सोयरीक झाली, की दादाचं हितलं येनं बंद. म्हनून हो म्हनना."

हे ऐकून नागनाथ खचला. सरजाबाईंच्या तोंडून त्याने रुख्मिणीबद्दल बरंच ऐकलं होतं. ती दहावी पास होती, स्पष्ट बोले आणि हसायला लागली की थांबत नसे. न पाहिलेल्या त्या मुलीत त्याचा जीव अडकला होता, आणि मध्ये लाल टोपी आडवी आली होती. एकदा त्याच्या मनात आलं, कॅसेट फोडून टाकावी. पण तात्यारावांचा रंगलेला चेहरा बघून त्याचा हात उचलेना.

तिकडे बोरीत वेगळाच घोळ झाला. रुख्मिणीच्या आईने एका संध्याकाळी नवऱ्याला अडवून विचारलं, "एवढ्या येळा बघून आलाव. दिसायला कसा हाय?"

तात्याराव ताटावरून मान न उचलता म्हणाले, "बुटका हाय. लाल टोपी घालतो. पर चालतोय लय."

दाराआड रुख्मिणीने हे ऐकलं. रात्रंदिवस लाल टोपी घालून चालणारा बुटका नवरा तिला नको होता. पुढच्या बाजारी तिने आत्याचा हात धरला आणि बापाच्या मागोमाग दुसऱ्या गाडीने जिंतूर गाठलं.

दुकानाच्या दारात ती थबकली. बापाची पाठ तेवढी दिसत होती. खुर्चीमागे एक उंच, सडसडीत तरुण पाण्याचा पेला धरून उभा होता आणि बाप तो घेईल याची मुकाट वाट बघत होता. सरजाबाईंनी कोपराने खुणावलं. रुख्मिणीने त्याला नीट निरखून पाहिलं. त्यानेही पाहिलं, आणि पेल्यातलं अर्धं पाणी सांडलं.

"बाबा."

"थांब गं, पुलावर हाय."

"बाबा, ह्ये बुटके न्हाईत."

"कोन?"

"ज्यांला बघायला तुमी एवढे बाजार केले, ते."

तात्यारावांनी पहिल्यांदाच मान मागे वळवली आणि नागनाथला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बरा हाय की," ते चकित होऊन म्हणाले. "ह्यो इतके दिस कुटं व्हता?"

"तुमच्या मागंच हुबा व्हतो जी."

इतक्यात टोपीवाला पुलावरून खाली गेला आणि मरणाचं रडकं संगीत वाजलं. तात्यारावांनी तिकडे बघितलं नाही. ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसू दाबायची शिकस्त करत होती आणि ते तिला जमत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. "बन्सीधर," ते खाकरून म्हणाले, "सुपारी फोडायचं बगा."

"आन् मग तुजं येनं?" सरजाबाईंनी विचारलं.

"रीत लेकीच्या घरची हाय," तात्याराव म्हणाले. "हे तर दुकान हाय."

वैशाखात लग्न झालं. नागनाथचा संसार दुकानामागच्या खोलीत थाटला, मध्ये फक्त एक पडदा. तात्याराव दर बाजारी येतात, बोरीहून पाण्याची बाटली भरून आणतात आणि पडद्याआडून चहाचा वास आला तरी तिकडे बघत नाहीत. परवा ते डोंगराच्या वाटेवर बराच वेळ अडकले होते. पडद्याच्या फटीतून लेकीचा आवाज आला, "बाबा, उजवीकडं नका जाऊ, तिकडं दरी हाय. डावीकडं वळा."

तात्यारावांचं बोट बटणावर थांबलं. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, पण सल्ला चालतो की नाही, याबद्दल वाडवडलांनी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. त्यांनी आपल्या बाटलीतलं घोटभर पाणी पिऊन थोडा विचार केला, आणि मग कोणी बघत नाहीसं पाहून टोपीवाल्याला डावीकडे वळवलं.