शरणप्पा अण्णा फोन उचलत नाहीत

आमच्या हळ्ळीखेडात शरणप्पा अण्णांच्या तोंडून ‘हॅलो’ ऐकलेला माणूस सापडणार नाही. तुम्ही फोन लावता, तो वाजतो. अण्णा तो हातात धरतात, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत राहतात आणि पूर्ण वाजू देतात. वाजून थांबला की लगेच तुमचा फोन वाजतो. “व्हय, बोला. काय याद केलाव?”

याचं कारण गावात सगळ्यांना पाठ आहे. अण्णांचा फोन सात वर्षांचा. स्कूटरवरून पडला तेव्हा काचेची खालची दोन बोटं रुंदीची पट्टी मेली. फोन उचलायचं बटण नेमकं त्या पट्टीत, ठेवायचंही तिथंच. वरचा भाग जिवंत, त्यामुळे ज्याचा फोन येऊन गेला त्याच्या नावावर बोट ठेवून उलट लावता येतो, एवढंच. म्हणजे अण्णांना फोन उचलता येत नाही, आणि एकदा लागला की ठेवताही येत नाही. ठेवायचा समोरच्याने. आता सत्तरीच्या माणसाचा फोन आपण आधी कापायचा, हे आमच्याकडे कुणाला जमत नाही. बोलणं संपलं तरी इकडून “बरं मग”, तिकडून “व्हय मग” चालूच. सिलिंडर आलाय एवढं सांगायला फोन केलेला माणूस अर्ध्या तासाने तुरीवरच्या अळीबद्दल बोलत असतो.

मी तेवढी ठेवते. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं माफ असतं. शिवाय मी भिंतीपलीकडेच राहते. अण्णांना काही उरलंसुरलं सांगायचं असेल तर ते भिंतीवरून सांगतात.

अण्णांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी बायकांना एकच उपदेश केला. जुनं मोडीत घाला, नवं न्या. कुणी पितळी घागर आणली की ते बोटाच्या पेराने ती वाजवायचे, कान लावायचे आणि घरातलं माणूस गेल्यासारखी मान हलवायचे. “जीव गेला की वो हिच्यातला, अक्का.” बाई घागर ठेवून स्टीलचा हंडा घेऊन जायची. माझ्या लग्नातली परात मी अशीच घालवली. तिच्यात जीव होता, असं मला अजून वाटतं.

स्वतःच्या घरात मात्र अण्णांनी आजवर एक चमचा मोडीत घातलेला नाही. पंखा काठीने ढकलल्याशिवाय फिरत नाही. छत्रीच्या दोन काड्या सायकलच्या चाकातल्या आहेत. कशाबद्दलही बोला, उत्तर ठरलेलं: “अजून जीव हाय त्याच्यात.” आणि फारच मागे लागलात, तर “बघू की, घाई कामून?”

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, गौराक्का, नातवाला सांभाळायला बेंगळूरला लेकाकडे गेली. दुकान भाड्याने दिलं. अण्णा मागे राहिले. तिथलं पाणी त्यांना चालत नाही म्हणे. चार दिवस राहून आले होते. पाणी कमी आणि लिफ्टच जास्त अंगावर आली असावी.

तर झालं असं, की एका सकाळी अण्णा दुबलगुंडीला वास्तुशांतीला गेले आणि फोन घरी चार्जिंगला विसरले. लेकाने, महेशने, दुपारपर्यंत फोनमागून फोन केले. उलट फोन येईना. शेवटी त्याने मला वर्गात फोनवर गाठलं. मी पोरांना गणित घालून बाहेर आले, गल्लीतल्या दोघांना पळवलं, आणि अण्णा बसमधून उतरताना सापडले. हातात प्रसादाची पुडी. या प्रकरणात फोनचा काही दोष नव्हता, पण महेशने सगळा राग त्याच्यावरच काढला.

“अक्का, एक तर त्या फोनचा निकाल लावा. दुरुस्त करा, न्हाई तर नवीन घ्या. न्हाईच जमलं, तर पुढच्या म्हैन्यात मी येऊन अप्पांना इकडंच घेऊन जातो. मला रोज हा घोर नको.”

मला अशी कामं आवडतात. मी वहीचं पान फाडलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे नवीन. नवी काच घातली तर बॅटरी किती टिकेल, जुन्या फोनला पुढे काय काय चालणार नाही, सगळं मांडलं आणि रविवारी अण्णांना हुमनाबादच्या बसमध्ये बसवलं.

“बघू की टीचर, घाई कामून?”

“घाई तुमच्या लेकाला हाय. नुसतं बघून बेंगळूर चुकणार न्हाई.”

बेंगळूर म्हटल्यावर त्यांनी तिकिटाचे पैसे काढले. वाटभर फोन बंडीच्या आतल्या खिशात होता आणि वरून हात होता.

मोबाइलच्या दुकानात एक चुणचुणीत मुलगी होती. तिने चार नवे फोन मांडले. अण्णांनी एकेक उचलून तळहातावर तोलला, पेराने वाजवला, कानाला लावला.

“पोकळ हाय,” ते म्हणाले. दुसरा वाजवला. “ह्यो पण.”

“अप्पा, हे वाजवून घेत न्हाईत, चालवून घेतेत,” मुलगी म्हणाली. “जुना मोडीत घालणार हाव का? द्या, बघू.”

मोडीत हा शब्द अण्णांना आजवर कुणी ऐकवला नसावा. त्यांचा हात खिशावर घट्ट झाला. मीच तो सोडवला आणि फोन तिच्याकडे दिला. तिने कुठलंसं पान उघडलं आणि बोट वरून खाली फिरवत नेलं. बोटामागे रंगीत रेघ उमटत गेली. ती मेलेल्या पट्टीपर्यंत आली, पट्टीत शिरली आणि पार तळाला जाऊन टेकली.

“ह्याला काय झालंय? काच तर नवी घातल्याली हाय की. सगळं चालायलंय.”

“हौदा? व्हय का?” अण्णा म्हणाले. अडचणीत आले की ते कन्नडमध्ये जातात. मग ते दुकानातल्या पंख्याकडे बघत राहिले. तो काठीशिवाय फिरत होता.

मी त्यांना बाहेर चहाच्या गाड्यावर नेलं.

“कधी घातलाव काच?”

“पंचमीला. भालकीला गेलतो तवा.”

पंचमी होऊन आठ महिने झाले होते. “मग उचलत कामून न्हाई?”

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, पण प्यायला नाही.

“उचललो की लोकं कामाचं सांगतेत आन् ठेवतेत. सिलिंडर आलाय. लाइट बिल आलंय. गौरा तर नुसता हुकूम सोडती. टाकीचं झाकण घाला, गोळी घ्या, ठेवलं. मीच लावलो की तसं न्हाई होत. समोरचा आधी इचारतो, बोला अण्णा, जेवलाव का. मग ठेवायची त्याला लाज वाटती.” बशी खाली ठेवून म्हणाले, “चाळीस वर्सं दुकानात कोण पण आलं की मी आधी इचारायचो, पोरं बरी हैत का. भांड्याचं मागाहून.”

मी पर्समधला कागद काढला, डावी बाजू खोडली, उजवीही खोडली आणि महेशला फोन लावला.

“काच नवी हाय. सगळी बटणं चालायलेत. लावून बघ.”

फोन वाजला. अण्णा दुधाकडे बघावं तसे बघत बसले.

“उचला.”

त्यांनी खालच्या पट्टीवर बोट सरकवलं. “हॅलो.”

तिकडून महेशचा आवाज मलाही ऐकू आला. “कोण बोलायलंय?”

“तुझा बाप.”

येताना बसमध्ये मी अट घातली. महेशचा आणि गौराक्काचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा, आणि फोन घरी ठेवून कुठे जायचं नाही. यातलं एक जरी चुकलं, तर मी स्वतः बेंगळूरचं तिकीट काढून देईन. अण्णांनी निमूट मान हलवली. हळ्ळीखेडच्या फाट्यापाशी हळूच विचारलं, “आन् तुमचा, टीचर?”

“माझा वाजू द्या.”

संध्याकाळी नळाला पाणी आलं. एरवी मी भिंतीवरून हाक मारली असती. मी फोन लावला. पलीकडे त्यांच्या अंगणात तो वाजलेला मला ऐकू येत होता. वाजून थांबला. मी बादली नळाखाली सरकवली. माझा फोन वाजला.

“व्हय, बोला टीचर. काय याद केलाव?”

“बोला अण्णा. जेवलाव का?”

ते काय जेवले ते सांगू लागले. भाकरी, शेंगाचटणी, कालचं वरण. नातवाला दाढ आलीय. दुबलगुंडीच्या वास्तुशांतीत आचाऱ्याने आमटीचा डावच हरवला. बादली भरली, दुसरी लावली, तीही भरली. पाणी आलंय हे सांगायचं राहिलं, पण पलीकडे त्यांची घागर भरतानाचा आवाज येत होता.

“बरं मग,” मी म्हणाले.

“व्हय मग,” अण्णा म्हणाले.

दोघांच्याही फोनची ठेवायची बटणं ठणठणीत होती. मी तिसरी बादली लावली.