अर्धं पेडल, पूर्ण पेडल

"दोन तासांचं काम आहे, ताई. फार तर सव्वादोन!" मायक्रॉनने फोनवर छातीठोकपणे सांगितलं आणि शनिवारी सकाळी नऊची वेळ ठरवून टाकली.

मायक्रॉन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचा. केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी अख्खी खेप परत पाठवायचा, म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलं आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पाणसळ लावून सरळ करणारा माणूस! त्याच्या हातून ट्रॅक्टरचा एक क्लच जुळणार नाही, असं त्याला वाटायचं काही कारण नव्हतं.

ट्रॅक्टर ताईच्या फळबागेतला. झाडांच्या दोन ओळींमधून जाईल एवढा लहान, आणि वयाने मायक्रॉनच्या मुलीपेक्षा थोरला. तो चालवायचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन झकास झालं, पण भाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. "चाला, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल," असं डॉक्टर दर वेळी बजावत. भाऊजी म्हणत, "बघू." अंगणात बसायचं का? बघू. निदान दारापर्यंत तरी? बघू. तिकडे शेडमध्ये ट्रॅक्टरही उभ्या उभ्या गंजून गेला.

"तो सुरू झाला तर कदाचित हे उठतील रे," ताई फोनवर म्हणाली होती. म्हणताना ती अगदी विनवणीवर आली होती. एरवी कुणालाही दोन शब्द सुनावणारी ताई! मायक्रॉनने काम फारच मनावर घेतलं.

शनिवारी तो हजर झाला तो हत्यारांची पेटी, फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा आणि ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक घेऊन. खिडकीकडे बघून त्याने हात केला.

"भाऊजी, तुम्ही अगदी आराम करा! तुम्हाला कसलाही त्रास होऊ देणार नाही."

"बघू," भाऊजी म्हणाले.

हा क्लच होता दुहेरी. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबणार, पण मागचं गवत कापायचं यंत्र फिरत राहणार. पूर्ण दाबलं की तेही थांबणार. मायक्रॉन ट्रॅक्टरखाली शिरला. नटावर तेल सोडलं, पाना लावला, जोर केला. नट ढिम्म हलेना. हलला तेव्हा असा काही हलला, की पाना एकीकडे आणि मायक्रॉनचं कोपर दुसरीकडे आपटलं!

"अरे, ते राहू दे," खिडकीतून आवाज आला. "आधी प्लेट सुटलीये का ते..."

"भाऊजी, तुम्ही कशाला दगदग करता? सगळं पुस्तकात दिलंय!"

भाऊजींनी मान परत खिडकीच्या आत घेतली. आठ महिने त्या घरात सगळे जण त्यांना विचारत होते, पाणी हवं का, उशी हवी का, पंखा कमी करू का. त्यांना जे येत होतं त्यातलं मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. मायक्रॉनही विचारणार नव्हता. आजारी माणसाला तोशीस पडू नये, एवढीच त्याची प्रामाणिक समजूत होती.

पावणेदोनला क्लचच्या फटी जुळल्या. तिन्ही फटी अगदी सारख्या! मायक्रॉनची मापं चुकली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण क्लचची प्लेट गंजाने पलीकडच्या लोखंडाला घट्ट चिकटून बसली होती. पेडल कितीही मापात असलं तरी सुटायचं तेच सुटत नव्हतं. ते कुठल्याही पात्याने मोजता येत नाही.

"ताई, पायरीवर उभी राहा आणि बघ! आधी सगळं थांबलेलं, मग अर्धं पेडल, मग पुन्हा पूर्ण!"

त्याने पेडल तळाशी दाबलं, पहिला गिअर टाकला, मागचं यंत्रही जोडलं आणि चावी फिरवली. ट्रॅक्टर शेडमधून जो सुटला तो थेट वाळत घातलेल्या चादरीतच शिरला!

"थांबव!" ताई ओरडली.

"थांबवतोय!" चादरीच्या आतून उत्तर आलं.

"कुठे थांबवतोयस? माझे वाफे!"

वाफे गेले. मग पाण्याचा पाइप गेला, त्याचे हातहातभर तुकडे झाले. मायक्रॉनने चावी काढून घेतली, पण जुनं डिझेल इंजिन चावीला भीक घालत नाही. इंजिन बंद करायची मूठ ओढली, तर ती गंजक्या तारेसकट हातात आली. चादर एकदाची खांद्यावरून घसरली. एका हाताने स्टिअरिंग आवळून तो झाडं चुकवत पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत वळला.

"ब्रेक!" मागून एकाएकी गर्जना झाली. "अरे, ब्रेक दाब! क्लच सोडू नकोस!"

"पायच उरला नाही, भाऊजी! दोन्ही क्लचवर आहेत!"

"मग एक काढ ना, गाढवा!"

मायक्रॉनने एक काढला आणि ब्रेकवर मारला. इंजिन कण्हलं, आतून खाडकन आवाज झाला आणि चिकटलेली प्लेट सुटली. चाकं थांबली, यंत्र थांबलं. मायक्रॉनने मागे वळून पाहिलं. भाऊजी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर उभे होते, अनवाणी, हातात काठीबिठी काही नाही. ताई पायरीवरच खिळली होती. भाऊजींना मात्र कशाचीच सवड नव्हती.

"काय करून ठेवलंस हे?" त्यांनी हात घालून पंपाजवळची दांडी ओढली, इंजिन बंद केलं आणि वाकून खाली पाहिलं. "तो फळांचा खोका इकडे दे. चौदाचा पाना कुठाय?"

"पण पुस्तकात तर..."

"पुस्तकातला ट्रॅक्टर नवाय. बाजूला हो!"

पालथ्या खोक्यावर बसून त्यांनी सकाळपासूनची सगळी जुळणी सोडवायला घेतली. सुट्टे नट तेवढे त्यांनी मायक्रॉनच्या ओंजळीत दिले. ते सांडू नयेत म्हणून तो जपून उभा राहिला. अर्ध्या तासाने सुटका झाल्यावर तो नळापाशी आला. ताईने त्याचं सोललेलं कोपर पाण्याखाली धरलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"ताई, चुकलो. तुझे वाफे, पाइप, चादर... तू माझ्या भरवशावर होतीस."

"तुझ्याच भरवशावर होते." ताईचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "ट्रॅक्टरचा मेकॅनिक कुंपणापलीकडेच राहतो. त्याने तासाभरात दुरुस्त करून दिला असता, आणि हे खिडकीतून बघत बसले असते."

मायक्रॉनने कोपर पाण्याखालून ओढून घेतलं.

"आणि मी पहिल्या फटक्यात नीट केला असता तर?"

"ती काळजी मला नव्हती," ताई म्हणाली.