नव्यांना दोनच तास

आजींना उठवणं, आंघोळ, कपडे, औषधं, नाश्ता आणि हातापायांचे व्यायाम हे सगळं दोन तासांत उरकतं, असं सेविका पुरवणाऱ्या एजन्सीच्या कागदावर छापलं होतं. छापणाऱ्याने आजींना पाहिलेलं नव्हतं. आजी आयुष्यभर मुख्याध्यापिका होत्या आणि आपल्याला कोणी घाई केलेली त्यांना खपत नसे. त्यामुळे त्यांना सांभाळणाऱ्या मुलीला, जिला ऑफिसात सगळे 'नवी' म्हणत, रोज तीन तास लागत आणि पगार दोनाचाच मिळे, वर जास्त थांबल्याबद्दल मेमो. पगारही नव्यांचा, म्हणजे जुन्यांच्या निम्मा. कायम होईपर्यंत दोनच तास काम, असा नियम होता. दोन तासांच्या पगारासाठी जाण्यायेण्याचा तीन तासांचा बसप्रवास! आजींवर जीव जडला नसता तर तिने ही नोकरी केव्हाच सोडली असती. आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. पॅकिंगच्या कारखान्यात दिवसभराचं काम मिळत होतं आणि होय की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

नेमक्या त्याच सकाळी सुपरवायझर मॅडम घड्याळ लावून हजर झाल्या. नवीला एवढा वेळ का लागतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

"मी हे काम करायचे तेव्हा खुर्चीत बसवायला दोन मिनिटं पुरायची," मॅडम म्हणाल्या. "तुझी पाच झाली."

"आजींचा गुडघा धरतो, मॅडम. आधी पाय मोकळे करावे लागतात."

"सरक. मी दाखवते."

गेली दहा वर्षं मॅडम फक्त स्वतःला खुर्चीत बसवत आल्या होत्या. त्यांनी गुडघे न वाकवता आजींना काखांत हात घालून उचललं. चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिलाय, हे त्यांना खुर्ची मागे पळाल्यावर कळलं. नवीने पायाने खुर्ची अडवली आणि आजींना सावरून पलंगावर बसवलं. मॅडमच्या कमरेत मात्र अशी उसण भरली की त्या वाकल्या त्या वाकल्याच. शेवटी नवीने त्यांनाही हळूच आजींच्या शेजारी आडवं केलं.

"उशी माझी आहे," आजी म्हणाल्या.

शेक, मलम आणि मॅडमचं विव्हळणं यात अकरा वाजले. नवीची वेळ संपली.

"जा बाई तू आता," आजी शांतपणे म्हणाल्या. "जास्त थांबलीस तर मेमो देतात ना तुला?"

"मला असं टाकून?" मॅडमनी कण्हतच ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "अरे, हिला आज इथे दिवसभराची ड्युटी दे."

"नव्यांना दोनच तास, मॅडम," पलीकडून कारकून म्हणाला. "कॉम्प्युटर घेतच नाही. नियमाखाली सही तुमचीच आहे."

"मग कायम कर तिला."

"चाचणी झाल्याशिवाय कशी करू? तुमच्यासमोर एक जड पेशंट उचलून दाखवावा लागतो."

आजींनी शेजारी पडलेल्या मॅडमकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "जड आहे," त्यांनी फोनमध्ये सांगितलं.

नवीने खुर्चीचा ब्रेक लावला आणि खुर्ची हलवून पाहिली. मॅडमच्या कमरेखाली उशी देऊन त्यांना आधी कुशीवर वळवलं, मग बसतं केलं, आजींना उचलायचा पट्टा छातीभोवती बांधला आणि स्वतःचे गुडघे वाकवले. "तीन म्हटलं की उठायचं," ती म्हणाली. तिने तीन म्हटलं आणि मॅडम खुर्चीत होत्या.

"उचललं का?" कारकुनाने विचारलं.

"उचललं रे. कळलंसुद्धा नाही मला." मॅडमचा आवाज पार मऊ झाला होता. "लिही. कायम, पूर्ण दर, आठ तास, याच घरी."

"कधीपासून?"

"आज सकाळी नऊपासून," आजींनी कळवलं.

नवीला रडूच आलं. कोपऱ्यात जाऊन तिने कारखान्याला फोनवर नकार कळवला, तोंडावर पाणी मारलं आणि बाह्या सरसावून परत आली.

"मला आता घरी पोचव बरं," मॅडम म्हणाल्या.

"पोचवते ना. आधी आजींची आंघोळ होऊ दे."

"किती वेळ लागेल?"

"सांगता यायचं नाही, मॅडम," नवी म्हणाली. "मी आज दिवसभर आहे."