कॅसेटीतल्या किल्ल्याची मोहीम

थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या, दिवाणखान्यातल्या लढाईस कोणी लेखणी लाविली नाही, ही उणीव जाणून घडले वर्तमान साद्यंत लिहिले आहे. वाचणाराने हसू आवरून वाचावे.

विमा कचेरीचे हेडक्लार्क, कुटुंबात दादा या नावे मशहूर, यांजपाशी तरुणपणी एक संगणक होता. मेमरी अठ्ठेचाळीस केबी, कळा रबराच्या, आणि खेळ कॅसेटीतून भरावे लागत. एका कॅसेटीत तीस खोल्यांचा किल्ला आणि चौकोनी डोक्याचा शिपाई होता. तो किल्ला आपण एकट्याने सर केला, हे दादासाहेब पस्तीस वर्षे दर लग्नात आणि दवाखान्याच्या रांगेतही सांगत आले, आणि ऐकणारे माना डोलवीत आले, कारण पडताळा घ्यावा तर संगणक माळ्यावर पडलेला.

मग एके रविवारी त्यांच्या पत्नीचे फर्मान सुटले की, माळा रिकामा करणे आहे, एक वाजता भंगारवाला येईल, तत्पूर्वी हे धूड एकदा चालले तर राहील, न चालले तर जाईल. दादासाहेबांचे धाबे दणाणले. त्यांनी जुन्या संगणक-मंडळातील दोन सरदारांस तातडीचे निरोप धाडिले, एक दातांचे डॉक्टर, दुसरे शाळेत विज्ञान शिकविणारे मास्तर. मास्तरांनी पाठीमागे पोट सुटलेला टीव्ही आणिला, डॉक्टरांनी टेपरेकॉर्डर आणिला, आणि तिघांनी दिवाणखान्यात तळ देऊन प्रथम पाऊण तास, आमच्या वेळची मजा आता राहिली नाही, या विषयी मसलत केली. तिघांच्या खिशांत लाखपट ताकदीचे फोन होते, आणि त्यांतला गजर बंद करण्यास तिघांनाही मुले लागत, ते अलाहिदा.

मग टेप लाविली. पडद्यावर रंगीत पट्टे नाचले, कर्कश किंकाळी उठली, पाच मिनिटे श्वास रोखिले गेले, आणि अखेर अक्षरे उमटली की टेप वाचता येत नाही. दुसऱ्या हल्ल्यास डॉक्टरांनी आवाज वाढविला, तिसऱ्यास मास्तरांनी कमी केला, चौथ्यास दादासाहेबांनी कॅसेटीवर फुंकर घातली. सहावी शिकस्त खाल्ल्यावर सरदारांत फाटाफूट होऊन एकमेकांची अक्कल काढणे सुरू जाहले.

तेसमयी दादासाहेबांची धाकटी बहीण वहिनीची बॅग परत देण्यास आली. कानाची यंत्रे दुरुस्त करणे हा तिचा धंदा. लहानपणी या संगणकास हात लावण्यास तिला सक्त मनाई होती, हुकूम दादासाहेबांचाच. सातव्यांदा लाविलेल्या टेपची किंकाळी ती दारात उभी राहून ऐकत राहिली.

"आवाज बोदा येतोय," ती म्हणाली. "टेपचं हेड तिरकं झालंय."

आणि परवानगीची वाट न पाहता तिने शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, टेप चालू ठेवून हेडाचा स्क्रू पाव फेरा फिरविला, किंकाळी धारदार जाहली, आणि पाच मिनिटांत किल्ला पडद्यावर उभा राहिला.

दादासाहेब त्वेषाने पुढे सरसावले आणि तिसऱ्या खोलीतच आपले तीनही शिपाई, म्हणजे खेळाने दिलेले तीनही जीव, खर्ची घालून परतले. बोटांची सवय गेली, ऐसा खुलासा केला. डॉक्टर पाचवीत पडले, मास्तर पहिलीत. मग बहीण बसली, आणि खोलीमागून खोली घेत तिसाव्या खोलीत पोहोचली. तेथे चहूकडे भिंत होती.

"आता पुढे?" डॉक्टरांनी विचारले.

"पुढे काही नाही. खेळातच चूक आहे, हा किल्ला कुणालाच जिंकता येत नाही. दादा कॉलेजला गेला की मी खेळायचे. तेव्हाच कळलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" वहिनीने विचारले.

"हात लावला होता, हे सांगावं लागलं असतं. आणि सांगताना तो इतका खूश दिसायचा."

सरदारांस एकाएकी घरची कामे आठवली आणि ते टीव्ही तेथेच टाकून कूच करते जाहले. दादासाहेबांनी रबरी कळांवरची धूळ बोटाने पुसली.

"मी बाविसाव्या खोलीच्या पुढे कधी गेलोच नाही," ते म्हणाले. "ती उडी जमायची नाही."

बहिणीने त्यांस शेजारी बसवून घेतले, पहिल्या एकवीस खोल्या स्वतः घेतल्या आणि बाविसावीच्या तोंडाशी कळा त्यांच्या हाती दिल्या.

"थांब. आत्ता नाही, दादा. अजून नाही... आता."

रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटे, भंगारवाला दारातून रिकाम्या हाती परतला असता, दोन शिपाई कामी येऊन बाविसावी खोली फत्ते जाहली. उडी भावाची, इशारत बहिणीची, साक्षीस वहिनी. लिहिले ते खरे असे.